पावसात टीव्ही अडखळतो? आधी वायर पाहा, बॉक्स नंतर!

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापूर भागात रेनकोट आणि ताडपत्र्यांबरोबर आणखी एका धंद्याला बहर येतो. तो म्हणजे टीव्ही आणि डिश दुरुस्तीचा. चित्राच्या चौकटी-चौकटी होतात, आवाज तुटतो, मध्येच पडदा काळा होऊन ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे येतात. मग मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, पाच मिनिटे पाहतो आणि बऱ्याचदा एकच निकाल देतो, “बॉक्स गेलाय मालक, नवा घ्या.” हजार-दीड हजार रुपये जातात. नवा बॉक्स बसतो, दोन दिवस चित्र चांगले दिसते आणि पुढच्या जोराच्या पावसात पुन्हा तीच रड सुरू होते.

कारण साधे आहे. दोष बॉक्समध्ये नव्हताच. तो छपरावर, एखाद्या गंजलेल्या पिनेत किंवा ढिल्या पडलेल्या नटात होता. डिजिटल टीव्हीच्या तक्रारींचा उलगडा बाहेरून आत, म्हणजे छत्रीपासून पडद्यापर्यंत करत यायचा असतो. आपल्याकडे तो नेमका उलटा केला जातो. त्यामुळे ग्राहकाचा पैसा जातो आणि मेकॅनिकचे नाव जाते. ही दोन्ही नुकसाने टाळता येण्यासारखी आहेत.

डोंगरावर असून फायदा नाही

या विषयासाठी जोतिबाच्या डोंगरासारखे दुसरे चांगले उदाहरण नाही. पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी हे गाव म्हणजेच जोतिबा. कोल्हापूरपासून वायव्येला रस्त्याने साधारण १७-१८ किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंच. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येथे लाखो भाविक येतात. वर्षभर गुलाल, नारळ, खोबरे, दवणा विकणारी दुकाने आणि खानावळी चालतात. अशा ठिकाणी टीव्ही ही केवळ करमणूक राहत नाही. गिऱ्हाईक चार घटका टेकते ते त्यामुळेही.

अनेकांना वाटते की एवढ्या उंचावर सिग्नल उत्तम मिळायला हवा. जुन्या काळी ते खरे होते. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्याचे कार्यक्रम पुणेकरांपर्यंत पोहोचवण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारले गेले. त्या लहरी जमिनीलगत सरळ रेषेत जात, वाटेतला डोंगर त्यांना अडवी. म्हणून मनोरा डोंगरावर आणि घरची अँटेना जितकी उंच तितकी बरी, असा हिशेब होता.

आता तो हिशेब राहिला नाही. प्रसार भारतीने मोजकी ठिकाणे वगळता जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद केले. आज आपल्या भागातील टीव्ही चालतो तो उपग्रहाच्या छत्रीवर किंवा केबलवर. खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये आली. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली, तीच आजची ‘डीडी फ्री डिश’. उपग्रह आहे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर. त्याच्यापुढे जोतिबाची एका किलोमीटरहून कमी असलेली उंची म्हणजे काहीच नाही. डोंगरावर गेल्याने उपग्रह जवळ येत नाही. उलट वारा वाढतो, धुके आणि ओल महिनोन् महिने टिकते. छत्री हलण्याची आणि जोड सडण्याची शक्यता खालच्या गावांपेक्षा येथे जास्त.

चित्र ‘जरा खराब’ का होत नाही?

जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसत. चित्र अंधुक होई, पण दिसत राही. त्यावरून दोष वाढतो आहे हे घरच्यांना आधीच कळे. डिजिटलमध्ये तसे होत नाही. बॉक्सला येणारी माहिती आकड्यांच्या रूपात असते आणि थोड्याफार चुका तो स्वतःच दुरुस्त करून घेतो. चुका त्याच्या आवाक्यात असेपर्यंत चित्र शंभर टक्के स्वच्छ. आवाका संपला की आधी चौकटी आणि लगेच काळा पडदा. मधली पायरीच नाही.

म्हणजे उन्हाळ्यात चित्र स्वच्छ दिसते यावरून जोडणी चांगली आहे असे सिद्ध होत नाही. सिग्नल अगदी कड्याच्या टोकावर उभा असू शकतो. पावसाचा एक जोरदार सडाका आला की खाली पडतो. चांगली जोडणी म्हणजे कोरड्या दिवशी गरजेपेक्षा बराच जास्त सिग्नल शिलकीत ठेवणारी जोडणी. धंद्यात गंगाजळी असते तशीच ही.

दोन पट्ट्या वाचायला शिका

जवळपास प्रत्येक बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलची माहिती देणारे पान असते. त्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक ‘स्ट्रेंथ’ आणि दुसरी ‘क्वालिटी’. लोक पहिली पट्टी पाहून समाधान मानतात. खरी महत्त्वाची आहे दुसरी.

छत्रीसमोर दांडीवर बसवलेल्या एलएनबीला वीज मिळत असेल, तर छत्रीचे तोंड भलतीकडे असले तरी स्ट्रेंथची पट्टी चढलेली दिसू शकते. तो एलएनबीचा स्वतःचा गोंगाट असतो. क्वालिटी शून्य आणि स्ट्रेंथ चांगली असेल तर समजावे की वायर व एलएनबी बहुधा जिवंत आहेत, पण छत्रीची दिशा चुकली आहे. दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर वायर तुटली, पिन निघाली, एलएनबी मेला किंवा बॉक्सकडून वीजच वर जात नाही. एवढ्या एका पाहणीने अर्धे काम होते. प्रत्येक कंपनीच्या बॉक्सचे आकडे वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये. आपल्याच बॉक्सचा कोरड्या दिवसाचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून टीव्हीमागे चिकटवून ठेवावा. पुढे तक्रार आली की तुलना त्या आकड्याशी करावी.

दोष केव्हा दिसतो, हेच निदान

मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्यांनी एवढे पाहून ठेवावे.

पाऊस थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत चित्र परत आले, तर दोष पावसाचा आणि कमी शिलकीचा. छत्री नीट रोखून घ्यावी.

पाऊस थांबला, तरी ऊन पडून दोन-चार तास गेल्याशिवाय चित्र येत नसेल, तर जोडात किंवा वायरीत पाणी शिरले आहे. पिना बदलाव्यात.

पाऊस गेला, ऊन पडले, दुसरा दिवस उजाडला तरी चित्र नाही आणि क्वालिटी शून्य असेल, तर छत्री वाऱ्याने फिरली आहे.

वाऱ्याची झुळूक आली की चित्र तुटते आणि वारा थांबला की जुळते, तर नट ढिले आहेत किंवा पाइप हलतो आहे.

फक्त भर दुपारी बिघाड होत असेल, तर तापणारा एलएनबी किंवा अडॅप्टर संशयित. फक्त संध्याकाळी दिवे लागल्यावर होत असेल, तर घरातला विजेचा दाब तपासावा.

काही चॅनेल स्वच्छ आणि काही अजिबात नाहीत, असा प्रकार असेल तर जरा थांबावे. बॉक्स एलएनबीला कधी १३ आणि कधी १८ व्होल्ट देऊन आडव्या-उभ्या लहरींतली निवड करतो. अडॅप्टर दमला की १८ व्होल्ट पुरते जात नाहीत आणि एका बाजूची सगळी चॅनेल जातात. अशा वेळी बॉक्स फेकून न देता आधी त्याच क्षमतेचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. फ्री डिशच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिथली चॅनेल अधूनमधून बदलतात, त्यामुळे नव्याने ट्यूनिंग करावे लागते. शिवाय काही चॅनेल एमपेग-४ पद्धतीची आहेत, ती जुन्या एमपेग-२ बॉक्सवर दिसतच नाहीत. हा रिसेप्शनचा दोष नव्हे. आणि रिचार्ज संपला आहे का, हे तर सर्वांत आधी पाहावे!

पिन आणि वायर

छत्रीपासून बॉक्सपर्यंत येणारी जाड काळी वायर आरजी-६ जातीची असावी. तिच्या दोन्ही टोकांना स्क्रूसारख्या फिरणाऱ्या पिना असतात, त्यांना एफ कनेक्टर म्हणतात. सारा खेळ बहुधा इथेच बिघडतो. पिनेतून आत बघितल्यावर मधली तांब्याची तार चकचकीत दिसली पाहिजे. ती हिरवी-काळी पडली असेल किंवा बाहेरच्या जाळीचा एखादा केस तिला चिकटला असेल, तर तिथेच दोष. अशा वेळी वायरीचे टोक बोटभर कापून नवी पिन लावावी. काम काही रुपयांचे आहे.

बाहेरच्या पिनेवर पाणीरोधक टेप घट्ट गुंडाळावी. वायर एलएनबीतून निघाल्यावर सरळ भिंतीत न नेता खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, आत शिरत नाही. घरात वायर शिरते तिथल्या भोकालाही बाहेरच्या बाजूने उतार हवा. मध्ये जोड देऊ नयेत. वायर शक्यतो ३० मीटरच्या आत ठेवावी आणि खिळ्याने ठोकून चेपू नये.

मोबाईलचा मनोरा जवळ असेल तर वायरीच्या दर्जाकडे अधिक लक्ष द्यावे. एलएनबी उपग्रहाच्या लहरींचे रूपांतर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये करून खाली पाठवतो आणि मोबाईलच्या १८०० व २१०० च्या पट्ट्या त्याच हद्दीत येतात. स्वस्तातल्या वायरीची बाहेरची जाळी विरळ असते, तिच्यातून हा गोंगाट आत घुसतो आणि काही ठरावीक चॅनेलच बिघडतात.

छत्री रोखण्याची कला

जोतिबावरच्या दुकानदाराला दिशेची सोपी खूण आहे. डोंगरावरून कोल्हापूर शहर ज्या अंगाला दिसते, साधारण त्याच अंगाला, म्हणजे आग्नेयेकडे, छत्रीचे तोंड हवे. ही खूण ढोबळ आहे, कारण प्रत्येक सेवेचा उपग्रह थोडा वेगळ्या जागी असतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूर भागातून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे १३० अंश आणि आकाशातली उंची सुमारे ६० अंश येते. होकायंत्र वापरताना पत्र्यापासून आणि लोखंडी कठड्यापासून दूर उभे राहावे, नाहीतर सुई चुकते. छत्री मात्र ६० अंश वर बघताना दिसत नाही, बरीच उभी दिसते. एलएनबी खालच्या बाजूला असलेल्या छत्रीची रचनाच तशी तिरपी असते. म्हणून नजरेच्या अंदाजाने ती आणखी वर झुकवू नये.

हे ६० अंश एक चांगली सोय करतात. छत्रीसमोर भिंत असेल तर तिची छत्रीच्या वरची उंची अंतराच्या पावणेदोन पटीपेक्षा कमी हवी. दहा फूट उंच भिंत असेल तर छत्री तिच्यापासून सहा-सात फूट मागे असली की पुरते. दाटीच्या गल्लीतही त्यामुळे जागा सापडते. झाडाच्या बाबतीत मात्र फसगत होते. उन्हाळ्यात निष्पर्ण असलेली फांदी पावसाळ्यात पालवते आणि ओली पाने लहरी शोषतात.

पाइप ओळंब्यात उभा असणे ही पहिली अट. पाइप कलता असेल तर दिशा आणि उंची यांचे गणित एकमेकांत गुंतते. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंशांचा असतो. ३६,००० किलोमीटरवर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरहून अधिक. बोटभर हललेली छत्री केवढी चुकते ते यावरून लक्षात यावे. रोखताना क्वालिटीची पट्टी सर्वांत वर जाईल तिथे थांबावे, नुसते चित्र आले म्हणून नव्हे. त्यानंतर एलएनबी आपल्या पकडीत थोडा डावी-उजवीकडे फिरवून पुन्हा पट्टी पाहावी. हे शेवटचे काम घाईत राहून जाते आणि तीच पावसाळ्यातली शिलक असते. एलएनबीच्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकण तडकले असेल तर पाणी आत जाते. कधी त्यात कुंभारमाशी मातीचे घर करते, तेही पाहावे.

पाऊस आणि सूर्य

पावसाचे काय? उपग्रहाच्या या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. आपल्या अंगणात पाऊस नसला तरी आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवर काळा ढग कोसळत असेल, तर चित्र जाऊ शकते, कारण लहरींची वाट त्या ढगातून आहे. ढगफुटीसारख्या पावसात कोणतीच घरगुती छत्री टिकत नाही, हे मेकॅनिकनेही ग्राहकाला स्पष्ट सांगावे. रोजच्या पावसात मात्र फरक पाडता येतो. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री घेतली तर सिग्नल सव्वादोन पट मिळतो. पण तिला वारा तेवढाच अधिक धरतो, पाइप आणि पाया त्या मानाने भक्कम हवा आणि रोखणे अधिक काटेकोर हवे. डोंगरावर ढिल्या पायावरची मोठी छत्री घट्ट बसवलेल्या लहान छत्रीपेक्षा वाईट.

आणखी एक बिनपैशाचा दोष सांगून ठेवतो. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे फ्री डिशचे चित्र जाऊ शकते. दुसऱ्या उपग्रहांची वेळ थोडी मागेपुढे असते. त्या दिवसांत कोणी छत्रीला हात लावू नये. आपोआप सुरळीत होते.

केबलवाल्या ग्राहकांसाठी

केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने केबलही डिजिटल झाली. ग्रामीण भागाच्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. केबलच्या घरी छत्री नसते, पण पिना आणि वायरीचे नियम तेच. एका वायरीवर दोन टीव्ही लावले की सिग्नल निम्म्याहून कमी होतो, चार लावले की पाव भागाच्याही खाली जातो. म्हणून स्प्लिटर काढून थेट वायर एका बॉक्सला लावून पाहावी. चित्र आले तर दोष घरातला. नाही आले तर दोष बाहेरचा, तो दुरुस्त करणे ऑपरेटरचे काम आहे.

धंदा कुठे आहे?

देशात पैसे भरून डीटीएच पाहणाऱ्यांची संख्या २०२० च्या सुमारास ७ कोटींच्या घरात होती, ती २०२५ पर्यंत ६ कोटींच्या खाली आली. मोबाईल, ब्रॉडबँड आणि मोफत फ्री डिशकडे लोक वळत आहेत. म्हणजे नवे बॉक्स विकून पोट भरण्याचे दिवस ओसरले. आता जो टिकेल तो चोख दुरुस्ती करणारा. फ्री डिशच्या ग्राहकाला मासिक बिल नाही, तसाच त्याला कंपनीचा माणूसही नाही. त्याचा आधार गावातला मेकॅनिकच.

कोल्हापुरातून एका पिनेसाठी जोतिबावर जायचे तर जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडतो आणि पेट्रोल वेगळेच. दुकानदाराला फी जड वाटते, मेकॅनिकला परवडत नाही. यावर एक व्यवहार्य तोड आहे. चैत्राची यात्रा उरकल्यावर आणि मिरगाच्या आधी घरोघर कौले चाळण्याचे काम निघते. त्याच वेळी दहा-पंधरा दुकानदारांनी मिळून एका मेकॅनिकला एक दिवस ठरवून बोलवावे. पिना बदलणे, नट आवळून गंजरोधक लावणे, पाइप ओळंब्यात घेणे, छत्री पुन्हा रोखणे आणि क्वालिटीचा आकडा लिहून देणे, एवढे काम ठरावीक दरात व्हावे. वाटून घेतल्याने प्रत्येकाचा खर्च कमी होतो आणि मेकॅनिकचा दिवस भरतो. पावसात निसरड्या पत्र्यावर चढण्याची वेळही येत नाही. विजा चमकत असताना तर कोणीही, कितीही घाई असली तरी, छत्रीजवळ जाऊ नये. विजेच्या तारा जवळून जात असतील तिथे पाइप उभाच करू नये.

या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुणांनी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला तर उत्तमच. निदान सिग्नल मोजण्याचे मीटर, पिन दाबण्याचे चांगले हत्यार, होकायंत्र आणि ओळंबा एवढे सामान जवळ हवे. भाग बदलला तर जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा, बिल लिहून द्यावे आणि नव्या एलएनबीची हमी त्यावर नोंदवावी. ग्राहकानेही “बॉक्स गेला” हे ऐकताच पैसे काढू नयेत. आपला बॉक्स शेजाऱ्याच्या त्याच सेवेच्या चालू वायरीला लावून दाखवा म्हणावे. तिथे चालला तर बॉक्स चांगला आहे.

हा सारा खटाटोप केवळ मालिका आणि क्रिकेटसाठी नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस वाहतूक बंद होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पंचगंगेची पातळी किती, रस्ता कोणता चालू, माल आणावा की थांबावा, हे ज्या दिवशी कळायला हवे, नेमका त्याच दिवशी पाऊस सर्वांत जास्त असतो. त्या दिवसाची शिलक मे महिन्यातच टाकून ठेवावी लागते.